नावाचा सातबारा

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत असते. तिथल्या मराठी मंडळींनी वेळोवेळी काढलेल्या स्मरणिका आता पिवळ्या पडायला लागल्या आहेत. त्या स्कॅन करून महाजालावर ठेवायचे तिने मनावर घेतले आहे.

"मामा, साइटचं नाव कुठे नोंदवू आणि साइट ठेवू कुठे, ते सांग. इथे दहा जण दहा कंपन्या सुचवतात. तू एकदा हात पोळून घेतलायस म्हणून तुला विचारतेय."

मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला साधा प्रश्न विचारला तरी तो आधी मागे मागे जात राहतो, आणि तास संपल्याची घंटा होते तेव्हा कुठे मुद्द्यावर येतो. फोनवर तेच झाले! तिच्याकडे दुपार होती, माझ्याकडे मध्यरात्र. शेवटी म्हटले, लिहूनच काढतो. तुम्हा वाचकांपैकी काही जण स्वतःची साइट काढायच्या विचारात आहात, त्यांनाही उपयोग होईल.

आधी हात कसा पोळला ते सांगतो, कारण बाकीचा सगळा अभ्यास त्या चटक्यानंतरचा आहे.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. शाळेत दरवर्षी मुलांचे हस्तलिखित निघत असे. १९७९ पासून २००६ पर्यंत ते काम माझ्याकडे होते. चांगल्या अक्षराची मुले निवडायची, जाड कागद आणायचा, समास आखून द्यायचा, चित्रकलेच्या सरांकडून मुखपृष्ठ करून घ्यायचे, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. प्रत एकच! ती वर्षभर वाचनालयातल्या कपाटात, मग कायमची माळ्यावर.

१९८८ च्या हस्तलिखितात नववीतल्या एका मुलाने एक नकाशा काढला होता. त्याचे कुटुंब कोयनेच्या धरणात बुडालेल्या गावातले. मुलाचा जन्म नव्या गावठाणातला, त्यामुळे मूळ गाव त्याने पाहिलेलेच नव्हते. आजोबांना विचारून विचारून त्याने ते कागदावर उतरवले. देऊळ, चावडी, दोन विहिरी, नदीकडे जाणारी पायवाट, आणि प्रत्येक घरावर घरधन्याचे नाव. सरकारी नकाशात गावाची हद्द मिळते हो, पण कोणाच्या अंगणात फणस होता ते त्यात नसते. ते या मुलाच्या नकाशात होते.

२००९ साली निवृत्त झालो आणि पहिल्याच उन्हाळ्यात एकाचा स्कॅनर मागून आणून सगळी हस्तलिखिते स्कॅन केली. तीन सीडी झाल्या. २०११ मध्ये एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, मी करून देतो साइट." त्याचे संगणकाचे दुकान होते. वर्षाला पंधराशे रुपयांत नाव, जागा, सगळे एकत्र. मी पैसे दिले, पावती घेतली आणि निर्धास्त झालो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या मलपृष्ठावर तो पत्ता छापला. आठशे प्रती गावोगाव गेल्या.

२०१३ च्या पावसाळ्यानंतर शाळेतल्या माळ्यावर वाळवी निघाली. काही हस्तलिखिते गेली, त्यात १९८८ चेही गेले. वाईट वाटले, पण म्हटले, साइटवर आहे ना!

२०१६ मध्ये त्या विद्यार्थ्याने दुकान बंद केले आणि तो नोकरीसाठी आखाती देशात गेला. २०१७ मध्ये नावाची मुदत संपली. नूतनीकरणाची सूचना दुकानाच्या ईमेलवर जात होती, आणि ती पेटी उघडणारे कोणी राहिले नव्हते. २०१८ मध्ये एका माजी विद्यार्थिनीचा फोन. आधी बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा, मग चाचरत म्हणाली, "सर, तुमच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसतायत…"

आठशे स्मरणिकांच्या मलपृष्ठावर शाळेच्या बोधचिन्हाखाली आजही तो पत्ता आहे. छापलेले परत घेता येत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला दोष देत नाही. नाव त्याच्या दुकानाच्या खात्यावर होते आणि ते कोणाच्या खात्यावर आहे हे मी सहा वर्षांत एकदाही विचारले नाही. जमीन घेताना सातबारा बघणारा माणूस मी! इथे मात्र पावतीवर खूश राहिलो.

तर त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. इंग्रजी माझे यथातथाच, बी.ए. मराठी माध्यमातून, पण कोश जवळ घेऊन बसलो. आणि कळले ते असे की नाव कुठे नोंदवायचे हा प्रश्न महाजालाइतकाच जुना आहे.

१९७० च्या दशकात महाजालाचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर संगणक होते थोडेसे. प्रत्येकाला क्रमांक होता. पण क्रमांक माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे. कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे, याची एकच यादी होती. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवा संगणक जोडला की त्यांच्या कार्यालयाला कळवायचे, ते यादीत भर घालायचे, आणि बाकी सगळ्यांनी यादीची ताजी प्रत उतरवून घ्यायची. आपल्याकडच्या कुलकर्ण्याच्या दप्तरासारखेच हे. गाव लहान असेपर्यंत एक दप्तर पुरते.

गाव वाढले तसे दप्तर पुरेना. दोघे एकच नाव मागू लागले, यादी लांबली, आणि प्रत उतरवेपर्यंत ती जुनी होऊ लागली. त्यावर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली. ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत काम करत होते. त्यांनी जी रचना मांडली तिला डोमेन नेम सिस्टिम म्हणतात, आणि आजही सगळे तिच्यावरच चालते.

ती समजायला आपले जुने टपालाचे पाकीट पुरते. आपण पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचे नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, शेवटी जिल्हा. टपालखाते मात्र तो खालून वर वाचते. मुंबईच्या कार्यालयाला तुमची गल्ली ठाऊक असायची गरज नाही, जिल्हा कळला की पुरे. पुढचे जिल्ह्याचे कार्यालय बघेल. डोमेनचे नाव तसेच उजवीकडून डावीकडे वाचले जाते. शेवटचा 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' हा जिल्हा. सर्वांत वरच्या मूळ दप्तराला एवढेच माहीत असते की 'डॉट इन'ची वही कोणाकडे आहे. 'डॉट इन'च्या वहीत लिहिलेले असते की अमुक नावाचा पुढचा तपशील कोणत्या सर्व्हरकडे विचारावा. आणि तो सर्व्हर सांगतो की ही साइट सध्या या क्रमांकाच्या यंत्रावर आहे.

(जाता जाता: आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. त्यातही विभाग, उपविभाग, जिल्हा, टपाल कार्यालय अशीच उतरंड आहे. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही!)

भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या उतरंडीतच आहे. नाव एका वहीत असते आणि साइट दुसऱ्याच कुठल्या यंत्रावर. मधला धागा म्हणजे वहीतली एक ओळ. ती बदलली की साइट पुण्यातल्या यंत्रावरून सिंगापूरच्या यंत्रावर गेली तरी वाचणाऱ्याला पत्ता तोच. मी २०११ मध्ये 'सगळे एकत्र' विकत घेतले तेव्हा या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच मला माहीत नव्हते.

आता ही वही कोणाच्या ताब्यात? पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाचा.

'डॉट कॉम'मध्ये पहिले नाव नोंदले गेले १५ मार्च १९८५ रोजी, सिंबॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीचे. त्या अख्ख्या वर्षात 'डॉट कॉम'ची नावे झाली सहा. होय, सहा! आणि नोंदणी फुकट. पुढे हे काम अमेरिकन सरकारच्या कंत्राटाने नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे आले आणि सप्टेंबर १९९५ पासून फी सुरू झाली. दोन वर्षांचे १०० डॉलर. लोक चिडले. पण दुसरे दुकानच नव्हते, जाणार कुठे?

या काळात क्रमांकांचे आणि मूळ वहीचे काम पाहत होते जॉन पोस्टेल. लांब दाढी, पायात सँडल, वृत्ती संन्याशाची. कोणत्या देशाची दोन अक्षरी वही कोणाच्या हवाली करायची, हे ते बराच काळ स्वतःच ठरवत. लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता, आणि सगळी व्यवस्था त्या भरवशावर उभी होती. २८ जानेवारी १९९८ ला त्यांनी मूळ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ईमेल पाठवले की इथून पुढे यादी सरकारी कंत्राटदाराकडून न घेता माझ्याकडून घ्या. बारांपैकी आठ जणांनी ऐकले! अमेरिकन सरकारात खळबळ उडाली. पोस्टेल म्हणाले, हा एक प्रयोग होता; आणि थोड्याच दिवसांत सगळे पूर्ववत झाले. पण एका माणसाच्या शब्दावर जगाचे दप्तर हलू शकते हे सगळ्यांना दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल वारले. वय अवघे ५५.

हे वाचताना मला आमच्या साइटची आठवण होत होती. माणूस कितीही चांगला असो, दप्तर त्याच्या एकट्याच्या खिशात असले की काय होते ते मी पाहिले होते.

आयकॅनने १९९९ पासून वही आणि दुकान वेगळे केले. वही एकाकडेच, पण नाव विकणारी दुकाने अनेक. या दुकानांना रजिस्ट्रार म्हणतात. 'डॉट कॉम'ची वही आज व्हेरिसाइन कंपनीकडे आहे आणि रजिस्ट्रारांना ती ठरलेल्या घाऊक भावाने नाव देते. हा भाव सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १० डॉलर २६ सेंट झाला. म्हणजे कोणी 'पहिल्या वर्षी फक्त ९९ रुपये' म्हणत असेल तर तो पदरचे घालून तुम्हाला आत ओढतो आहे. दुसऱ्या वर्षाचा भाव आधी विचारावा. (साड्यांच्या सेलला जाणाऱ्या भगिनींना हे मी काय सांगावे!)

आपल्या देशाची कथा थोडी वेगळी. 'डॉट इन' ही वही भारताला १९८९ मध्ये मिळाली. सामान्य माणसाला महाजालाची जोडणी मिळू लागली ती विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सेवा सुरू केल्यावर. म्हणजे वही त्याच्या सहा वर्षे आधी आली. ती सांभाळली जात होती आपल्या मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमध्ये. नियम कडक होते आणि २००४ अखेरपर्यंत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावे नोंदली गेली होती. २००५ पासून हे काम निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेकडे आले, नियम सैल झाले आणि कोणालाही नाव घेता येऊ लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले 'डॉट भारत' आले. मला फार मोह झाला होता मराठीतल्या नावाचा. पण अनेक ठिकाणी ते नाव 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघा अशा अगम्य अक्षरांत उमटते आणि त्या नावाचा ईमेल पत्ता सगळीकडे चालतोच असे नाही. ते नाव जोडीला जरूर घ्यावे, पण मुख्य नाव साधे असावे असे माझे मत झाले.

नाव कोणत्या 'जिल्ह्यात' घ्यायचे हा विचार क्षुल्लक वाटतो. तसा तो नाही. युगोस्लाव्हियाचे 'डॉट वाययू' होते. देश फुटला, आणि ३० मार्च २०१० ला ती वहीच मिटवण्यात आली. ज्यांनी त्याआधी नवे नाव घेतले नाही त्यांच्या पत्त्यातला जिल्हाच नाहीसा झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या हजारो लोकांना 'डॉट ईयू' नाव ठेवायचा हक्क उरला नाही. २०२१ च्या पहिल्याच दिवशी त्यांची नावे गोठवली गेली.

आणि तुवालू. प्रशांत महासागरातला नऊ बेटांचा चिमुकला देश. त्याला वाट्याला आलेली दोन अक्षरे 'टीव्ही'. दूरचित्रवाणीवाल्यांना ती हवीच होती. २००० साली तुवालूने त्यांचा करार केला, बारा वर्षांत पाच कोटी डॉलर. आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व घेणे त्या देशाला परवडले. आज समुद्र वर चढतो आहे आणि तुवालूची जमीन पाण्याखाली जायची भीती आहे. जमीन बुडेल आणि नाव उरेल, असे एखाद्या देशाच्या बाबतीत होऊ शकते! कोयनेकाठच्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता दुसरा भाग: साइट ठेवायची कुठे?

जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आपल्याच टेबलावरच्या संगणकावर ठेवली होती. त्या संगणकावर कागद चिकटवला होता की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांनी ती साइट बाहेरच्या जगाला कळवली. तेव्हा होस्टिंग म्हणजे एवढेच. एक यंत्र जे कोणी बंद करायचे नाही. आजही व्याख्या तीच आहे. फरक इतकाच की यंत्र दुसऱ्याचे असते आणि बंद न करण्याचे आपण भाडे देतो.

भाडे न देता जागा मिळते का? मिळते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने ती दिली. तिथे 'हॉलिवूड', 'सिलिकॉन व्हॅली' अशा नावांच्या वसाहती होत्या आणि त्यात आपल्या घराचा क्रमांक. लोकांनी हौसेने कोट्यवधी पाने रचली: आजीचे फोटो, मांजरांचे फोटो, कविता. याहूने १९९९ मध्ये ती वसाहत अब्जावधी डॉलरना विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेतल्या जिओसिटीजला कुलूप लावले. काही धडपड्या स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावाधाव करून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली, म्हणून त्यातले बरेच वाचले. पण पत्ते गेले. कारण ते पत्ते राहणाऱ्यांचे नव्हतेच, घरमालकाचे होते.

मग पैसे भरले की निर्धास्त? तसेही नाही. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या केंद्राला आग लागली. एक पूर्ण इमारत जळाली आणि लाखो साइट बंद पडल्या. ज्यांची राखीव प्रत त्याच आवारात होती अशा काही ग्राहकांचे मूळ आणि प्रत दोन्ही गेले. आपण 'क्लाउड', ढग म्हणतो खरे, पण तो कुठल्यातरी गावात विटांच्या भिंतीआडच असतो आणि त्याला आगही लागते.

नावाच्या बाबतीतही मोठ्यांची तीच गत. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉम हे नाव नूतनीकृत करायचे राहून गेले. त्यावर हॉटमेलची खाती उघडत होती. लोकांना ती उघडता येईनात. शेवटी एका अनोळखी प्रोग्रॅमरने ३५ डॉलर स्वतःच्या खिशातून भरले तेव्हा सुरळीत झाले. हे वाचून मला जरा बरे वाटले, खोटे कशाला बोलू! २००७ मध्ये तर रजिस्टरफ्लाय हा रजिस्ट्रारच कोलमडला. लाखो नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवावी लागली. त्यानंतर नोंदींची एक प्रत तिसऱ्या जागी ठेवण्याची पद्धत आयकॅनने अमलात आणली.

तर भाचीबाई, सार असे.

पहिले, नाव नोंदवण्याचे खाते तुझ्या किंवा मंडळाच्या नावाने काढ, होतकरू मुलाच्या किंवा दुकानाच्या नावाने नको. नोंदीत नावाचा धारक म्हणून कोण लिहिले आहे ते स्वतः उघडून बघ. तोच सातबारा. आणि लक्षात ठेव, हा सातबाराही मालकीचा नाही, खंडाने घेतलेल्या जमिनीचा आहे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षे.

दुसरे, खात्याला जोडलेला ईमेल त्याच साइटच्या नावावरचा नको. नाव गेले तर सूचना येणारी पेटीही त्याच्याबरोबर जाते. किल्ली घरात आणि आपण बाहेर!

तिसरे, नाव एकीकडे घे आणि जागा दुसरीकडे. थोडे महाग पडेल, पण घरमालकाशी बिनसले तर बिऱ्हाड उचलता येते. रजिस्ट्रारही बदलता येतो, त्यासाठी एक गुप्त संकेत मिळतो. तो कुठून मागायचा हे पैसे भरण्यापूर्वी बघून ठेव. नवे घेतलेले नाव सहसा पहिले साठ दिवस हलवता येत नाही.

चौथे, मुदत चुकलीच तर घाबरू नकोस, पण धाव. 'डॉट कॉम'सारख्या नावांना मुदतीनंतर बहुधा काही दिवस नेहमीच्या दरात भरता येते, पुढचे तीस दिवस दंड भरून सोडवता येते, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते सगळ्यांसाठी मोकळे होते. मोकळ्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. मी माझे जुने नाव परत मागितले तेव्हा नव्या धारकाने पाच आकडी रक्कम सांगितली, तीही डॉलरमध्ये.

पाचवे, जागा कोणतीही घे, पण सगळ्या साइटची एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी ठेव. वर्षातून एकदा ती उघडते का ते पाहा. आमच्याकडे हे काम दसऱ्याला होते. पूर्वी शस्त्रे पूजत, आम्ही हार्डडिस्क पूजतो.

मी स्वतः २०१९ मध्ये 'डॉट इन' घेतले. वही आपल्या देशात आहे, काही तक्रार झाली तर दाद इथेच मागता येते, आणि शाळा इथली आहे. दहा वर्षांचे पैसे एकदम भरले. भरताना हिशेब केला की मुदत संपेल तेव्हा मी ७८ वर्षांचा असेन. नाव २०२९ पर्यंत नक्की आहे, माझी खात्री देता येत नाही. म्हणून मृत्युपत्राच्या फाईलमध्ये एक पाकीट ठेवले आहे. त्यात खात्याचे नाव, ईमेल, कोणाला विचारायचे आणि कधी पैसे भरायचे ते माझ्या अक्षरात आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या धारकाचा विचार करत होतो. आता तू विचारलेच आहेस, तर ते पाकीट तुझ्या नावाने करतो. नाही म्हणू नकोस.

राहिला नकाशा.

तीन सीडींपैकी दोन उघडल्या. तिसरी उघडली नाही, आणि १९८८ नेमके तिसरीवर होते. अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने आमच्या जुन्या साइटची काही पाने आपणहून जपून ठेवली होती. हे काम ते १९९६ पासून करतात. त्यांना माझा नमस्कार सांगा कोणीतरी. त्यात हस्तलिखिताचे पान मिळाले. मजकूर मिळाला. नकाशा मात्र टपाल तिकिटाएवढा. मोठे चित्र त्यांनी घेतलेले नव्हते. त्या तिकिटात देवळाचा कळस ओळखू येतो, नदीची निळी रेघ दिसते. घरांवरची नावे वाचता येत नाहीत.

तो नववीतला मुलगा आता पन्नाशीला आला आहे, नवी मुंबईत असतो. आजोबा कधीच गेले, वडीलही गेले. दिवाळीत तो माझ्याकडे आला होता. आम्ही ते तिकीट मोठे करून कागदावर छापले आणि त्यावर पेन्सिलीने घरे काढली, एकूण एकेचाळीस. त्याला आठवून सतरा नावे लिहिता आली. आणखी नऊ त्याच्या आत्याने फोनवर सांगितली. ती ८२ वर्षांची आहे. बाकीच्या पंधरा घरांवर अजून नाव नाही.

त्यांचे नवे गावठाण मी पाहिले आहे. माळावरचे आहे, नदी नाही, फणस नाही. पण एस.टी.च्या पाटीवर नाव जुनेच आहे. लोकांनी घरे सोडली, देव उचलून आणले आणि नाव सोडले नाही. जागा बदलली तरी पत्र पोचायला हवे, हे त्यांना १९६० च्या सुमारास कळले होते. मला कळायला २०१८ उजाडले.

नवा नकाशा साइटवर ठेवला आहे, पंधरा रिकाम्या घरांसकट. वाचकांपैकी कोणाचे माहेर-सासर त्या बाजूचे असेल, किंवा घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर त्यांना तो जरूर दाखवा. एखादे नाव जरी कळले तरी कळवा.

असो. बराच लांबला तास. घंटा झाली.